दांडिया बाजार आणि डभोई: कॉलेज निवडायच्या दोन तऱ्हा
बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी घरांत बारावीनंतर प्रश्न कॉलेजचा नसतोच, शाखेचा असतो. आजोबा, आत्या, दादा सगळे सयाजीराव विद्यापीठातले. १९४९ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ सायकलच्या अंतरावर. वाद फक्त कॉमर्स की सायन्स एवढाच. (आईचं मत शेवटी विचारतात.)

बडोद्याजवळच्या डभोई, पादरा या गावांकडच्या मुलांचा हिशेब वेगळा. आधी एसटीची वेळ, पास, होस्टेलची फी. मुलगी असेल तर संध्याकाळी घरी किती वाजता पोचणार. शाळा गुजरातीतून झालेली आणि विद्यापीठात शिकवणं इंग्रजीतून, हा धसका निराळाच. सल्ल्याला शाळेतले सर, नाहीतर वर्षभर आधी शहरात गेलेला गावातला एखादा दादा. मला तरी त्या दादाचंच जास्त पटतं. मेसमधलं जेवण कसं, तास होतात का, हे माहितीपत्रकात कुठे छापतात?