येस-नोचं नाणं, 249 रुपये: चार महिने वापरून

माझे नाशिकरोडला घरगुती डबे आहेत. रोज 34. स्वयंपाकाने मी कधी थकत नाही, पण ठरवण्याने थकते. आदल्या रात्री नऊला "उद्या भाजी काय?" सुरू होतं. हे म्हणतात वांगी कर, जाऊबाई म्हणतात दोन दिवस पालेभाजी झाली नाही, धाकटा म्हणतो काहीही कर पण गवार नको. सकाळी बाजारात गेल्यावर एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात पालकाची. दोन्ही कोवळ्या, भाव सारखा, आणि मी तशीच उभी. तिथे दहा मिनिटं गेली की दिवसभर सगळं दहा मिनिटं मागे. डबा उशिरा गेला की होस्टेलवरचं एखादं पोरगं न खाता क्लासला पळतं, ते माझ्या मनाला फार लागतं.

तर हे नाणं. धाकट्याच्या मित्राच्या वाढदिवसासाठी काही बघायला कॉलेजरोडच्या एका गिफ्टच्या दुकानात गेलो होतो, तिथे काउंटरवर ठेवलेलं होतं. एका बाजूला इंग्रजीत येस, दुसऱ्या बाजूला नो, कडेने चांदण्या, सोनेरी मुलामा, सोबत मखमली पिशवी. घरी येऊन मसाल्याच्या वजनकाट्यावर ठेवलं तर 25 ग्रॅम भरलं. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमचं असतं, म्हणजे हे तिपटीहून जड. व्यास बरोबर चार सेंटिमीटर. हातात घेतलं की जड वाटतं, आणि फरशीवर पडलं की टण्णकन असा आवाज येतो की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या. उडवायचं तर सतरंजीवर किंवा तळहातावर झेलायचं.

सासरे प्रेसमधून रिटायर झाले. नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, 1928 पासून इथे नोटा छापतात. नाणी मात्र इथली नव्हेत, ती मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टाकसाळीत पडतात. बाबा कुठलंही नाणं हातात आलं की आधी सालाखाली बघतात. चौकटचा हिरा असला तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, टिंब असलं तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. या नाण्यालाही त्यांनी भिंग लावलं. म्हणाले, "सूनबाई, अक्षर उठावदार आहे, पण कड बघ. इकडे गोल घासलीय, तिकडे तशीच धारदार सोडलीय." ही कड पुढे महत्त्वाची ठरली.

साधा रुपया का नाही, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. आमच्या घरी रुपयावर आधीच वाद आहे. छापा म्हणजे सिंहाची बाजू, काटा म्हणजे आकड्याची, हे बाबांचं आणि माझं. धाकट्याचं म्हणणं, आकडाही छापलेलाच असतो ना! शिवाय रुपया खर्च होतो. हे नाणं देवघराशेजारच्या वाटीत असतं, त्यामुळे ऐन वेळी सापडतं.

आता खरं-खोटं. एका रविवारी दुपारी मी आणि धाकट्याने ते 200 वेळा उडवलं. मी उडवायची, त्याने वहीत रेघा मारायच्या. 106 वेळा येस, 94 वेळा नो. धाकटा बारावीला आहे, त्याने आकडेमोड करून सांगितलं की 200 वेळांत सहा-सात इकडेतिकडे होतातच, यावरून नाणं लबाड ठरत नाही. त्यानेच मला मोबाइलवर वाचून दाखवलं की ॲमस्टरडॅमच्या संशोधकांच्या पुढाकाराने 48 जणांनी मिळून 3,50,757 वेळा नाणी उडवली आणि 2023 साली निकाल मांडला. उडवताना जी बाजू वर असते तीच पुन्हा वर येण्याचं प्रमाण 50.8 टक्के निघालं. फरक केसाएवढा, पण तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: डोळे मिटून नाणं दोनदा तळहातात फिरवायचं, मग उडवायचं.

मग आम्ही ओट्यावर भिंगरीसारखं फिरवून बघितलं. शंभर वेळांत 64 वेळा नो! हा मात्र योगायोग म्हणता येणार नाही. बाबा म्हणाले तीच कड, फिरता फिरता ते एका बाजूला कलतं. तेव्हा हे नाणं घेतलंत तर फिरवू नका, उडवाच.

वापराचं सांगते. माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं. वडील आणि काकांची वाटणी झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तलाठ्याकडे जायच्या आधी दोघांनी बसून जमिनीचे दोन सारखे भाग पाडले. विहिरीकडचा तुकडा लहान, माळाचा मोठा, असं दोघांच्या मनाला पटेपर्यंत बांध इकडचा तिकडे झाला. मग चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझ्या चार वर्षांच्या चुलतभावाने एक उचलली. आज त्या दोन घरांत एकमेकांच्या लग्नाकार्यात पहिलं ताट एकमेकांचं असतं. लोकांना वाटतं चिठ्ठीने वाद मिटवला. वाद मिटला तो चिठ्ठी टाकायच्या आधी, बांधावर बसून. कुठलाही भाग आला तरी चालेल, इथपर्यंत दोघं आले होते.

नाण्याचंही मी तेच करते. आधी दोन्ही गोष्टी चालण्यासारख्या आहेत का ते बोलून घ्यायचं, मगच उडवायचं. मेथी आणि पालक दोन्ही चालतात, तिथे नाणं. पंचवटीत डबा द्यायला द्वारकेवरून जायचं की जेलरोडने नांदूर नाक्याकडून, तिथे नाणं. रविवारची मिसळ बाबांच्या आवडीची काळ्या मसाल्याची खायची की गंगापूररोडला झाडाखाली बसून पापड-दही घेऊन, तिथेही नाणं. आणि एकदा पडलं की पुन्हा उडवायचं नाही. यातून मला जे मिळालं ते दहा मिनिटांहून मोठं आहे. भाजी कोणाला आवडली नाही तरी "तूच म्हणालीस" हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरातून गेलं. जाऊबाई आणि मी गेल्या चार महिन्यांत भाजीवरून एकदाही अबोला धरलेला नाही, आणि आम्ही अबोल्यात आठ-आठ दिवस काढलेले आहेत.

एकदा धाकट्याने विचारलं, इंजिनीअरिंग की बीएस्सी, उडवू का? मी नाणं हातातून काढून घेतलं आणि त्याला समोर बसवलं. त्याला एक नको होतं आणि ते बापाला सांगता येत नव्हतं. रात्री अकरापर्यंत आम्ही तिघं बोललो. अशा जागी नाणं आणू नये.

तक्रार मुलाम्याची आहे. दोन महिन्यांत येसचा सोनेरी रंग उडून खाली राखाडी धातू दिसायला लागला. माझे हात दिवसभर ओले, तेलाचे, हे मान्य, पण 249 रुपयांत एवढं टिकायला हवं होतं. दुकानात नेलं तर बदलून मिळणार नाही म्हणाले. दुसरं म्हणजे इंग्रजी अक्षरं. बाबांना चालतात, पण शेजारच्या आजी खेळायला बसल्या की मला वाचून दाखवावं लागतं. नोच्या बाजूला मी टिकली चिकटवून बघितली, ती दोन दिवसांत निघाली.

घ्यायचंच असेल तर ऑनलाइन मागवू नका, दुकानात हातात घेऊन दोन्हीकडची कड बोटाने तपासा. मी स्वतः आता सराफ बाजारातल्या एका कारागिराकडे पितळेचं सांगून आले आहे, हो आणि नाही असं देवनागरीत. साडेसहाशे रुपये म्हणाले. "नाही" या शब्दात कोरीव काम जास्त, तिकडचं पितळ जास्त निघणार, म्हणून "हो"च्या भोवती ते वेलबुट्टीची एक रेघ जास्त कोरून देणार आहेत. कड दोन्हीकडून सारखी घासा, एवढं मी दोनदा सांगितलंय.