परसात पाक चोय लावावा की चिनी कोबी?

दसरा झाला, पावसानं उघडीप दिली की परसातला वाफा मोकळा होतो. मेथी, शेपू, कोथिंबीर टाकायचीच. उरलेल्या कोपऱ्यात वेगळं काही लावायचं असेल, तर माझं मत सरळ आहे: यंदा पाक चोय (जाड पांढऱ्या देठांची चिनी पालेभाजी), लांबट गड्ड्याचा चिनी कोबी पुढच्या हिवाळ्यात.

पाक चोय रोप लावल्यापासून ३० ते ४५ दिवसांत काढायला येतो. बाहेरची पानं त्याआधीही खुडता येतात. चिनी कोबीचा गड्डा भरायला ६० ते ८० दिवस लागतात, आणि त्याला १५ ते २० अंशांचा गारवा मानवतो. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे दिवाळी ते संक्रांत रात्री तरी गार मिळतात. अथणी-रायबागकडे ऊन लवकर चढतं. तिथं पानं सैलच राहतात, नाहीतर मधूनच फुलाचा दांडा वर येतो आणि दोन महिन्यांची मेहनत वाया. दांडा पाक चोयलाही येतो. पण तोवर दोनदा भाजी झालेली असते, आणि कोवळा दांडा भाजीत चालतोच.

पाक चोयच्या दोन रोपांत वीतभर अंतर पुरतं, कुंडीतही तो येतो. चिनी कोबीला फूट-दीड फूट सोडा. (नाव कोबी, पण नातं सलगमशी!)

चिकोडीकडच्या काळ्या मातीत गादीवाफा करा, पाणी साचू देऊ नका. खानापूरच्या लाल मातीत निचरा चांगला, पण आंबटपणा असतो. शेणखताबरोबर थोडा चुना मिसळा. मावा आणि अळी दोघांनाही लागतात. जुनी मच्छरदाणी कमानीवर ताणून टाकली की बराच त्रास वाचतो. गड्ड्यात शिरलेली अळी मात्र चिरेपर्यंत दिसत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

टिकण्यात चिनी कोबी जिंकतो. गड्डा फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे राहतो, कोशिंबिरीला गोडसर लागतो, किमची (कोरियन आंबवलेलं लोणचं) करायची तर तोच हवा. पाक चोय दोन-चार दिवसांत मरगळतो, म्हणून लागेल तेवढाच काढावा. लसूण-मिरचीच्या फोडणीवर देठं आधी, पानं शेवटी. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहून विचारलं होतं, "ही पांढऱ्या देठाची पालक कुठनं आणलीस?" आता खुडायला त्याच माझ्याआधी परसात असतात.