स्क्रीनशॉट सगळे खरे होते, तरी पैसे गेले

लिहू का नको करत बरेच महिने काढले, लाज वाटत होती. पण परवा ओळखीतल्या एकाने ऑप्शन विकून मिळवलेल्या नफ्याचे तसलेच स्क्रीनशॉट दाखवून "टाकू का रे यात पैसे" विचारलं, म्हटलं आता लिहूनच टाकतो.

एक 'सर' होते. अकाउंट माझं, ट्रेड त्यांचे, महिन्याच्या नफ्यातले 30 टक्के त्यांना. तोट्याचं काय, हे मी विचारलंच नाही आणि ते कशाला सांगतील. डोकं साधं होतं, मार्केट बहुतेक दिवस जागचं हलत नाही, तर वरचा कॉल (भाव चढण्यावरचा ऑप्शन) आणि खालचा पुट (भाव पडण्यावरचा) दोन्ही विकायचे आणि त्यांची किंमत, म्हणजे प्रीमियम, विरघळत जाताना बघत बसायचं. "शंभरातल्या नव्वद वेळा आपणच जिंकतो" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खोटं नव्हतं ते! उरलेल्या दहा वेळांत किती जातं एवढंच गाळलेलं होतं.

आता कळतंय की मी विमा विकत होतो, हप्ता ठरलेला पण क्लेमला मर्यादाच नाही, आणि सर त्याला "मंथली इन्कम" म्हणायचे, जणू एफडीचं व्याज. त्यात मार्केट पडायला लागलं की विकलेल्या पुटची किंमत दोन बाजूंनी वाढते, एक तर भाव पडला म्हणून आणि वर सगळे घाबरले म्हणजे व्होलॅटिलिटी (भावातली उलथापालथ) वाढली म्हणून, आणि नेमकं त्याच वेळी ब्रोकर मार्जिन, म्हणजे तारण ठेवायचे पैसे, जास्त मागतो. स्टॉपलॉस, म्हणजे ठरावीक तोट्याला सौदा आपोआप कापायची ऑर्डर, असतो हो, पण मार्केट गॅपने, कालच्या भावापासून एकदम लांब, उघडलं की तो नुसता शोभेला.

5 ऑगस्ट 2024, सोमवार. जपानचा निक्केई एका दिवसात 12 टक्क्यांच्या वर आपटला, अमेरिकेचा विक्स, म्हणजे बाजाराची घबराट मोजणारा आकडा, शुक्रवारी 23 वर बंद झालेला तो बाजार उघडायच्या आधीच 65 च्या वर, आणि दिवसअखेर परत 38 वर. म्हणजे घबराट ओसरली, पण माझ्या पोझिशन (उघडे सौदे) ब्रोकरने मधेच, सगळ्यात महाग भावाला कापलेल्या. 14 महिन्यांची कमाई तर गेलीच, मुद्दलातलं अर्ध्याहून जास्त गेलं.

सर म्हणाले, "ब्लॅक स्वान आहे, कुणालाच कळलं नसतं." कसला डोंबलाचा ब्लॅक स्वान. 5 फेब्रुवारी 2018 ला विक्स एका दिवसात 17 वरून 37 वर गेला आणि व्होलॅटिलिटी पडण्यावर पैज लावणारं एक्सआयव्ही नावाचं प्रॉडक्ट रातोरात 90 टक्क्यांहून जास्त बुडून त्याच महिन्यात बंद झालं. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलंच होतं की लांबच्या मुदतीत याची अपेक्षित किंमत शून्य. मार्च 2020 मध्ये तर विक्स 82 च्या वर बंद झाला. सहा वर्षांत तिसऱ्यांदा आलेल्या पाहुण्याला अनोळखी कसं म्हणायचं?

खरी फसवणूक मला नंतर, पूर्ण लेजर (खात्याचा सगळा हिशोब) काढल्यावर कळली. स्क्रीनशॉटमध्ये फक्त बुक केलेला, म्हणजे बंद केलेल्या सौद्यांचा, नफा असायचा. कॉल-पुटमधला एक पाय नफ्यात आला की तो बंद, आणि लांबच्या एक्स्पायरीचा (मुदतीचा) तोट्यातला पाय तसाच उघडा, प्रीमियम कमी पडला की लॉट, म्हणजे विकायचे गठ्ठे, वाढवायचे. शेवटचे पाच महिने उघडा तोटा धरला तर अकाउंट मायनसमध्ये होतं, आणि मी दर महिन्याला 30 टक्के कमिशन भरतोय. अकाउंट माझंच होतं, उघडून बघितलं असतं तर दिसलं असतं, ही चूक माझीच.

त्या ओळखीतल्याला एवढंच सांगितलं, स्क्रीनशॉट नको, लेजर आणि उघड्या पोझिशनचा एमटीएम, म्हणजे आजच्या भावाने नफा-तोटा, माग, विकलेल्या ऑप्शनच्या पुढचा ऑप्शन विकत घेऊन तोटा बांधलाय का ते विचार, आणि दुसऱ्याचे पैसे सांभाळायचं लायसन्स आहे का ते बघ. त्याने विचारलं, तर त्याला त्या स्क्रीनशॉटवाल्यांच्या ग्रुपमधून काढलं.

मी शेवटचं कमिशन 1 ऑगस्टला भरलं होतं, जुलैचं. निदान तेवढं तरी परत द्या म्हटलं तर सर म्हणतात, "जुलै तर प्रॉफिटमध्येच होता ना?"