छपाई की भरतकाम? गटाचे कपडे करायला देण्याआधी

एखाद्या कार्यक्रमापुरते, भरपूर संख्येने लागणारे टी-शर्ट असतील, तर सरळ स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीच्या चौकटीतून शाई दाबून होणारी छपाई करा. त्यात मला तरी घोळ घालण्यासारखं काही दिसत नाही. खरा प्रश्न आहे तो दुकानातल्या माणसांच्या किंवा संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या नेहमीच्या कपड्यांचा, म्हणजे वर्षभर अंगावर असणाऱ्या आणि सारख्या धुतल्या जाणाऱ्या. आमच्या गटासाठी मी दोन्ही करून घेतलंय, त्यावरून सांगतो.

पाठभर मोठं चित्र, ठळक नाव, एकातून दुसऱ्यात मिसळणाऱ्या छटा हे छपाईचंच काम. छातीवरच्या साध्या बोधचिन्हालाच बहुधा ५,००० ते १०,००० टाके लागतात; तेच पाठभर भरायचं म्हटलं तर खर्च वाढतोच, शिवाय पाठ पुठ्ठ्यासारखी ताठ होते. बारीक अक्षरंही धाग्याला मानवत नाहीत. ५ मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची अक्षरं बुजायला लागतात, त्यामुळे फोन नंबर किंवा पत्ता हवा असेल तर तो छापलेलाच बरा.

छपाई धुण्यात टिकत नाही, ही तक्रार मात्र मला थोडी अन्यायाची वाटते. प्लास्टिसॉल या उष्णतेनं पक्क्या होणाऱ्या शाईचा पूर्ण थर साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, तर ती वर्षानुवर्षं टिकते. कमी तापलेली शाई तडकते. नमुना हातात आला की छापलेला भाग हलकेच ताणून पाहा, तिथेच कळतं. पॉलिस्टरच्या लाल टी-शर्टवर पांढरी छपाई करताना जास्त जपा. उष्णतेनं कापडाचा रंग शाईत चढतो आणि पांढरं गुलाबी दिसू लागतं.

भरतकामाचे नखरे वेगळे. पातळ टी-शर्टवर चुण्या पडतात. त्याला कॉलरचा जाडसर टी-शर्ट, टोपी किंवा जॅकेट हवं. होजिअरीच्या कापडामागे कट-अवे बॅकिंगच (कडेनं कापून बाकी आत तसंच ठेवायचं अस्तर) लावायला सांगा, ते धुतल्यावरही टाक्यांना धरून राहतं. फाडून काढायचं बॅकिंग ताणल्या जाणाऱ्या कापडाला पुरत नाही. धागा शक्यतो पॉलिस्टरचा घ्या. रेयॉनची चमक सुंदर असते, पण ब्लीचपुढे तो टिकत नाही.

इथवर पारडी मला सारखीच वाटत होती. निकाल लागला तो एका कटकटीवरून: नवीन माणूस आल्यावर त्याच्यासाठी एकच टी-शर्ट करून घेणं.

छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. काम संपलं की बहुतेक ठिकाणी स्क्रीन धुऊन पुढच्या कामाला घेतात. मग एका नगासाठी सगळी मांडणी पुन्हा कोण करणार? आम्हाला दरवेळी ‘किमान इतके तरी घ्या’ हेच उत्तर मिळालं. जास्तीचे करून ठेवावेत, तर नेमका हवा त्या मापाचाच संपलेला असायचा. आणि पुन्हा छापून घेतलं, तरी नव्यानं कालवलेल्या शाईची छटा आधीच्यापेक्षा थोडी निराळी निघायची. सगळे एका रांगेत उभे राहिले की नवा माणूस लगेच ओळखू यायचा. गटात नुकत्याच आलेल्या माणसाला आपण वेगळे दिसतोय असं वाटणं मला फार खटकायचं. गणवेश असतो तो त्याच्या उलट कारणासाठी. एकट्या नगाला डीटीएफ ट्रान्सफर, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेनं चिकटवलेलं चित्र लावून देतो, असंही कुणी सुचवतं. लांबून ते बरं दिसतं, पण हाताला निराळं लागतं.

भरतकामात चित्राचं डिजिटायझिंग, म्हणजे मशीनला कळेल अशी टाक्यांची फाइल बनवणं, एकदाच होतं. त्या फाइलवर मशीन एक नग भरेल, नाहीतर शंभर. धाग्याच्या छटेला क्रमांक असतो, त्यामुळे रंग अंदाजानं जुळवावा लागत नाही. नंतर आलेल्यांचे टी-शर्ट आमच्याकडे जुन्यांशेजारी ठेवले तर फरक दिसतो तो फक्त कापडाच्या नवेपणाचा.

तुमच्याकडे माणसं फारशी बदलत नसतील, तर या मुद्द्याला एवढं वजन देऊ नका. छपाईत तुमचं भागेल आणि सुरुवातीचा खर्चही बहुधा कमी येईल. पण माणसं येत-जात असतील, तर माझा कल भरतकामाकडे आहे. फक्त पहिल्या ऑर्डरलाच डीएसटी फाइल (भरतकामाच्या मशीनला लागणारी ती टाक्यांची फाइल) आणि धाग्यांचे क्रमांक मागून घ्या आणि फाइल तुम्हाला मिळेल हे पैसे देण्याआधी लेखी ठरवा. काही जण ती द्यायला तयार नसतात. मग कारागीर बदलला की डिजिटायझिंगचे पैसे पुन्हा मोजावे लागतात, आणि नव्यानं केलेल्या फाइलमध्ये टाक्यांचा कल थोडा का होईना बदलतोच.