सायलेंट व्हॅलीची जीप सफारी: प्राण्यांसाठी नको, झाडांसाठी जा

ताडोब्याच्या हिशेबाने केरळातल्या सायलेंट व्हॅलीत गेलात तर पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटतील. इथे पाणवठ्यावर वाघ येऊन बसत नाही. हे सदाहरित वर्षावन आहे. जे काही हलतं ते डोक्यावर खूप उंच, पानांच्या आड.

व्यवस्था सोपी आहे. पालक्काडहून मन्नारक्काड, तिथून घाट चढून मुक्काली. आपली गाडी तिथेच ठेवायची आणि वनविभागाने ठरवलेल्या जीपने, सोबत वाटाड्या घेऊन, २३ किलोमीटर आत सैरंध्रीला जायचं. जाऊन-येऊन चार-पाच तास मोडतात. जीप अख्खी घ्यावी लागते, त्यामुळे चार-पाच जण असतील तरच परवडते. रस्ता हाडं खिळखिळी करणारा. गाडी लागणाऱ्यांनी भरपेट नाश्ता टाळावा.

सैरंध्रीचा ३० मीटर उंच मनोरा हा या सफारीचा खरा जीव. एरवी जमिनीवरून फक्त बुंधे दिसतात; इथून जंगलाचं छत वरून दिसतं आणि खाली कुंतीपुळा नदीची घळ. धरण बांधायचं घाटत होतं ते याच भागात. १९८३ मध्ये तो प्रकल्प बारगळला आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. सकाळच्या पहिल्या जीपा गाठा. ढग उतरले की मनोऱ्यावरून पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही.

सिंहपुच्छ वानर हवं असेल तर वर बघत बसण्याआधी खाली बघा. कुलेनिया हे ड्युरियनच्या कुळातलं झाड, त्याची काटेरी फळं या वानराचं आवडतं खाणं. रस्त्यावर ताजी फोडलेली टरफलं पडलेली दिसली की जीप थांबवायला सांगा. (ती शेकरूची करामतही असू शकते, पण तेही वाईट नाही.) काळं माकड दिसलं की बरेच जण घाईने सिंहपुच्छ म्हणून मोकळे होतात. तपकिरी-पिवळसर डोकं आणि लांबलचक शेपूट असेल तर ते निलगिरी वानर. सिंहपुच्छाच्या चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ असते, शेपूट आखूड आणि टोकाला गोंडा.

पावसाळ्यात आणि त्यानंतरही जळवा असतातच. साध्या मोज्यांच्या विणीतून त्या सहज चावतात. घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे, खास जळवांसाठीचे मोजे घ्या आणि पँट त्यांत खोचा. बुटांवर मीठ चोळण्यात अर्थ नाही, पहिल्याच सरीत ते धुऊन जातं. चिकटलेल्या जळूवर तर मीठ टाकूच नका, ती पोटातलं जखमेत ओकू शकते. तिच्या निमुळत्या टोकाखाली नख आडवं सरकवा, सुटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे नंतरही बराच वेळ रक्त झिरपतं. घाबरू नका, धुऊन पट्टी दाबून बांधा.