कार विम्याचं ऑनलाइन कोटेशन : वय, लिंग आणि व्यवसायाचे रकाने किती खरं सांगतात?

कार विम्याच्या हप्त्यांची तुलना करून देणाऱ्या ऑनलाइन सेवा वेगाला उत्तम आहेत. एकदा माहिती भरली की अनेक कंपन्यांचे आकडे एकाखाली एक दिसतात. पण कोणत्या रकान्यामुळे हप्ता किती चढला, हे त्या सांगत नाहीत, आणि ही उणीव किरकोळ नाही. वय, लिंग आणि व्यवसाय हे तीन रकाने फॉर्मवर शेजारी शेजारी असतात. प्रत्यक्षात त्यांचं वजन फार वेगवेगळं असतं.

सगळ्यात जड रकाना वयाचा. नवख्या चालकाला समोरचा धोका उशिरा जाणवतो. त्यात रात्रीचं ड्रायव्हिंग आणि गाडीभर मित्र असले की धोका आणखी वाढतो. अमेरिकेत दर मैलामागचे प्राणघातक अपघात पाहिले, तर १६ ते १९ वयोगटाचं प्रमाण २० वर्षांवरच्या चालकांच्या जवळपास तिप्पट आहे. म्हणून विशीच्या आत हप्ता सर्वांत महाग असतो. साधारण पंचविशीपर्यंत तो झपाट्याने उतरतो, मधल्या वयात स्थिरावतो आणि सत्तरीच्या आसपास पुन्हा चढू लागतो. उतारवयातल्या वाढीमागे नजर आणि प्रतिक्रियेचा वेग ही कारणं आहेतच, शिवाय तेवढ्याच धक्क्याने वयस्कर माणसाला इजा जास्त होते आणि भरपाईचा खर्च वाढतो.

इथे बरेच फॉर्म गोंधळ घालतात. वय आणि लायसन्स मिळाल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळिशीत गाडी शिकलेल्या माणसाला वयाचा फायदा मिळतो, अनुभवाचा मिळत नाही. लायसन्सच्या रकान्यात शिकाऊ परवान्याची तारीख टाकली तर अनुभव फुगतो आणि क्लेमच्या वेळी तो मुद्दा वर येतो. पक्क्या लायसन्सचीच तारीख टाकावी.

तरुण मुलाच्या गाडीचा विमा स्वस्त पडावा म्हणून आईला किंवा वडिलांना मुख्य चालक दाखवायची युक्ती पुष्कळ ठिकाणी चालते. ही सरळ सरळ चुकीची माहिती आहे. ब्रिटनमध्ये २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याप्रमाणे जाणूनबुजून खोटं सांगितलं तर कंपनी पॉलिसी रद्द ठरवू शकते. निष्काळजीपणाने चूक झाली असेल तर क्लेम प्रमाणात कापला जातो: द्यायला हवा होता त्याच्या तीन चतुर्थांश हप्ता भरला असेल, तर क्लेमही तीन चतुर्थांशच. उलटी वाट मात्र रास्त आहे. गाडी खरोखर दोघं चालवत असतील, तर अनुभवी व्यक्तीचं नाव अतिरिक्त चालक म्हणून घालून पाहावं. बऱ्याचदा हप्ता उतरतो.

लिंगाचा रकाना आता बऱ्याच ठिकाणी नुसता नावाला उरला आहे. युरोपीय न्यायालयाने मार्च २०११ मध्ये निकाल दिला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून युरोपीय संघात नव्या पॉलिसींसाठी स्त्री-पुरुष असा वेगळा दर लावणं बंद झालं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१९ पासून तेच केलं. तिथल्याच मोंटाना राज्याची वाट उलटी: १९८५ पासूनची बंदी तिथे २०२१ मध्ये उठली. जिथे फरक चालतो तिथेही तो मुख्यतः तरुण वयात दिसतो, कारण भीषण अपघातांत तरुण पुरुषांचं प्रमाण जास्त असतं. तिशीनंतर तो फारसा उरत नाही. या रकान्यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही.

व्यवसायाचा रकाना मात्र खरोखर तपासण्यासारखा आहे, आणि तुलना सेवांची सर्वांत ढिसाळ बाजूही हीच. तुम्ही दोन-तीन अक्षरं टाइप करता, यादी उघडते आणि पहिला पर्याय आपोआप निवडला जातो. हॉटेलात स्वयंपाक करणारा माणूस ‘शेफ’, ‘केटरर’ किंवा ‘किचन स्टाफ’ यांपैकी काहीही ठरू शकतो, आणि प्रत्येक शब्दाला दर वेगळा असू शकतो. ‘निवृत्त’, ‘गृहिणी’ आणि ‘बेरोजगार’ यांचंही तसंच. कंपनी इथे तुमच्या कौशल्याची किंमत करत नाही. त्या कामाची माणसं किती फिरतात, कोणत्या वेळी फिरतात, गाडीत किमती सामान ठेवतात का आणि आजवर त्यांचे क्लेम किती आले, एवढंच ती पाहते.

पडताळणी अशी करावी. आधी विम्याची रक्कम, ऐच्छिक वजावट (क्लेममधला जो भाग स्वतः सोसायचा तो), वार्षिक किलोमीटर आणि रात्री गाडी उभी करण्याची जागा पक्की ठरवून कागदावर लिहा. हे रकाने बऱ्याच फॉर्मवर आधीच भरलेले असतात, ते स्वतः तपासा. मग फक्त व्यवसायाचं वर्णन बदला आणि दर वेळी त्याच कंपनीचा आकडा टिपून ठेवा. एका वेळी दोन रकाने बदलले तर आकडा कशाने हलला ते कळणार नाही. जी वर्णनं तुमच्या कामाला खरोखर लागू पडतात, तेवढीच पाहा. नियुक्तिपत्राशी मेळ नसलेलं वर्णन स्वस्त पडलं तरी घेऊ नका.

देशाचा किंवा राज्याचा नियमही आधी बघावा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लिंग आणि व्यवसाय दोन्ही वर्ज्य आहेत. भारतात थर्ड पार्टी हप्ता (दुसऱ्याच्या नुकसानीच्या भरपाईसाठीचा) सरकार ठरवतं आणि खासगी कारला तो इंजिनच्या सीसीप्रमाणे लागतो, चालकाच्या वयावर किंवा लिंगावर नाही. त्यामुळे वय किंवा व्यवसायाची सूट दिसली तर ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात असते. तिच्यापेक्षा ५० टक्क्यांपर्यंत जाणारा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल त्याच भागाच्या हप्त्यात मिळणारी सूट, कितीतरी मोठा आहे.

तरुण चालकाला आमची शिफारस गाडी चालवण्याची पद्धत मोजणाऱ्या पॉलिसीची. करकचून ब्रेक, वेग, रात्रीचे तास यांची नोंद होते आणि वयाचा बोजा काही अंशी हलका होतो. मात्र रात्रपाळीच्या परिचारिकेला हीच पॉलिसी महाग पडू शकते, कारण तिचे घरी परतण्याचे तासच जोखमीचे धरले जातात.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर तुलना सेवेच्या खात्यात माहिती बदलून भागत नाही. विमा कंपनीलाच लेखी कळवावं लागतं. खासगी वापराच्या पॉलिसीवर पार्सल किंवा प्रवासी नेले तर क्लेम फेटाळला जाण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा तसं काम घेणार असाल, तर वापराचा प्रकार बदललेली सुधारित पॉलिसी हातात आल्यावरच पहिली फेरी करा.