विसार घेतला आणि फ्लॅट अडकला

इंदिरानगरमधला आईचा टू बीएचके विकायला काढला, तेव्हा धास्ती होती ती चेक न वटण्याची. चेक वटला. खेळ त्यानंतर सुरू झाला.

एजंटने आणलेली पार्टी फार गोड होती. ‘काकू, काकू’ करत चहा घेतला आणि आम्ही सांगितलेल्या ४८ लाखांना एक रुपया न तोडता होकार दिला. (घासाघीस न करणारं गिऱ्हाईक नाशकात भेटलं तर तिथेच कान टवकारावेत.) सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, म्हणजे विसार, म्हणून ५१,००० चा चेक आणि नोटरी केलेली विसार पावती. मजकूर एजंटनेच टाइप करून आणलेला. त्यात एक वाक्य होतं : ‘इंजिनिअरच्या तपासणीत दोष आढळल्यास किंमत उभयतांच्या संमतीने कमी करण्यात येईल.’ साठेखत, म्हणजे विक्रीचा रीतसर करार, कधीपर्यंत करायचं, याची तारीख कुठेच नव्हती. त्याच संध्याकाळी एजंटने जाहिरात उतरवली आणि बाकीच्या पार्ट्यांना ‘सौदा झाला’ म्हणून कळवून टाकलं.

तपासणीला मुहूर्त लागला तो पाऊस चांगला लागून राहिल्यावर. त्यांचा ‘इंजिनिअर’ ओलावा मोजायचं यंत्र फक्त बाथरूमच्या मागच्या भिंतीला आणि खिडकीखालच्या कोपऱ्याला लावत होता. भर पावसात जुन्या इमारतीची ही ठिकाणं ओली दाखवणारच. पाणी आतल्या पाइपचं की बाहेरच्या भेगेतलं, हे त्या यंत्राला कळत नाही. मग पिलरवर हातोडीने टकटक करून ‘सळई गंजलीय’ असं जाहीर केलं. सळई गंजली की ती फुगते, काँक्रीटला तिच्या रेषेत तडे जातात, पोपडे सुटतात, तांबूस डाग येतात. आमच्या पिलरवर यातलं काहीही नव्हतं.

रंगीत रिपोर्ट आला आणि सोबत मागणी : सहा लाख कमी करा. आम्ही नाही म्हटल्यावर एजंटने लगेच दुसरी ऑफर पुढे केली, ४१ लाखांची. म्हणजे ४२ बरे वाटावेत! या दुसऱ्या पार्टीने फ्लॅट बघायला यायचीही तसदी घेतली नव्हती.

भावाने रिपोर्ट ओळ न् ओळ वाचला. त्यात ‘लिफ्टलगतच्या भिंतीत ओल’ असं लिहिलं होतं. आमच्या इमारतीला लिफ्टच नाही.

हे तोंडावर म्हटल्यावर ‘काकू’ गायब झाली. कोर्टात जातो, पेपरात जाहीर नोटीस देतो, अशी भाषा सुरू झाली. आमच्या वकिलांनी नीट समजावलं. अशा पावतीने घरावर मालकी येत नाही. पण नोंदणी नसलेली पावतीसुद्धा करार पुरा करून मागणाऱ्या दाव्यात पुरावा म्हणून पुढे करता येते. आणि पावतीत मुदत नसेल, तर आपला नकार समोरच्याला कळल्यापासून तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो. दावा टिकणं न टिकणं लांबची गोष्ट. नोटीस छापून आली की पुढच्या गिऱ्हाइकाची बँक कर्ज द्यायला कचरते, आणि ही मंडळी जगतात ती नेमकी त्यावर.

आईला पुण्याला हलवायचं होतं. शेवटी विसार परत, वर एक लाख, असं ठरलं. त्यांना सगळं रोख हवं होतं. वकिलांनी साफ नकार दिला : स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायलाही मनाई आहे आणि परत करायलाही. पैसे बँकेतून गेले. त्याआधी मूळ पावती ताब्यात घेतली आणि रद्दलेखावर त्यांच्या सह्या.

नंतरचा एजंट महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाच्या) साइटवर नोंदणी क्रमांक तपासूनच घेतला. नव्या पार्टीला आधीच सांगितलं : तुमचा इंजिनिअर आणा, आमचाही असेल, दोघं एकाच वेळी बघतील, भाव त्यानंतर ठरेल आणि विसार सगळ्यात शेवटी. पावतीत साठेखताला तीस दिवस. तोवर झालं नाही तर विसार परत आणि पावती रद्द. त्यांच्या इंजिनिअरला खिडकीखाली ओल सापडली, आमच्यानेही मान्य केली. चाळीस हजार कमी केले आणि साठेखत झालं.